सायकल गट बंद करताना
गट बंद करायचं ठरलंच असेल तर आधी गटाची घटना, म्हणजे नियमावली, काढून वाच. विसर्जनाचं कलम बहुधा शेवटच्या पानावर असतं आणि ते कुणीच वाचलेलं नसतं. सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, मतं किती लागतात, उरलेला पैसा कुणाला द्यायचा, हे तिथेच कळतं. स्वयंसेवी संस्थेची शिल्लक सहसा सभासदांत वाटता येत नाही, ती तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला जाते. बँकेचं खातं मात्र सगळ्यात शेवटी बंद कर. आम्ही घाई केली आणि नंतर आलेला परताव्याचा चेक भरायला खातंच उरलं नव्हतं!

गटाकडचे पंप, नट आवळायचे पाने, हेल्मेटं हातोहात खपतात. जपायचे ते कागद. चौकात उभं राहून, पेनाने रेघा मारत केलेली सायकलींची मोजणी, खड्ड्यांचे तारीखवार फोटो, रस्ते विभागाशी झालेला पत्रव्यवहार. पुढे कुणी सायकल मार्गिका मागायला उठलं, तर आधी इथून किती सायकली जायच्या हे त्याला दुसरीकडे कुठे मिळायचं? अर्धवट तक्रारी एकेका माणसाच्या हाती सोपव. 'सगळे मिळून बघू' म्हणजे कुणीच बघत नाही. आणि गटाचा ईमेल वर्षभर तरी चालू ठेव, लोक जुन्या पत्त्यावर लिहीत राहतात.