ड्रायव्हरला हात लावण्याआधी

भाऊ, लिनक्सवर वायफाय तुटतंय म्हणून लगेच ड्रायव्हरच्या (वायफाय चिप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कोडमध्ये शिरू नको. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. भर दुपारी लॅपटॉप अडकला तर दोष उष्णतेचाही असू शकतो. पहाटे तोच बिघाड पुन्हा घडतो का बघ. घडला, तर डीमेसेजची (लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, संदेश दाखवणाऱ्या कमांडची) नोंद आणि वायफाय चिपचा आयडी जपून ठेव.

जुन्या कर्नलवर चालत होतं ना? मग गिट बायसेक्टच कर, म्हणजे जुन्या-नव्या कर्नलमधले बदल दरवेळी अर्धे-अर्धे करत तपास. १००० बदलांतला दोषी बदल साधारण १० फेऱ्यांत सापडतो. दरवेळी कर्नल कंपाइल व्हायला वेळ लागतो, मध्येच लाईट जाते, तरी सोडू नको. माझा सर्वात जास्त भरवसा याच पद्धतीवर आहे. दोषी बदल सापडला की पॅच (दुरुस्तीचा कोड) छोटा ठेव, बदल का केला ते नीट लिही, आणि गेट-मेंटेनर स्क्रिप्ट (त्या कोडची देखभाल कोण करतं ते सांगणारी) ज्यांची नावं देईल त्यांनाच पाठव.