वाचकांचे प्रश्न : जुने महागडे घड्याळ घेताना आणि विकताना

प्रश्न : समाजमाध्यमावर मुंबईच्या एका विक्रेत्याने रोलेक्सचे ४१ मिलिमीटरचे डेटजस्ट १ लाख ८० हजार रुपयांना विकायला काढले आहे. डबा आणि वॉरंटी कार्ड आहे, कार्डावरचा सीरियल नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळतो आणि सेकंद काटा टिकटिक न करता सलग सरकतो, असा व्हिडिओही त्याने पाठवला आहे. निम्मी रक्कम तो आधी मागतो. व्यवहार करावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : करू नये. निम्मी रक्कम तर सोडाच, जाणत्या माणसाने घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. हे मॉडेल चांगल्या स्थितीत असेल तर वापरलेलेही कित्येक लाखांना जाते. ज्याच्या हातात ते खरोखर आहे, त्याला मुंबईतलाच जुन्या घड्याळांचा व्यापारी याच्या कितीतरी पट रक्कम देईल. मग तो निपाणीच्या अनोळखी माणसाला इतक्या स्वस्तात का देतो, याचे पटणारे उत्तर त्याच्याकडे असायला हवे. पैशाची तातडीची गरज हे उत्तर पटत नाही, कारण गरजवंत माणूस तर आधी व्यापाऱ्याकडेच जाईल.

डबा आणि कार्ड यांच्या नकला वेगळ्या विकत मिळतात. नंबर जुळण्यालाही अर्थ नाही. नकला करणारे एखाद्या खऱ्या घड्याळाचा नंबर उचलतात, तोच कित्येक घड्याळांवर कोरतात आणि कार्डावरही छापतात, त्यामुळे दोन्हीकडे तो जुळणारच.

सेकंद काट्याची खूण सेलवर चालणाऱ्या नकला सर्रास होत्या तेव्हा उपयोगाची होती. आज ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ घड्याळांत ऑटोमॅटिक, म्हणजे सेलशिवाय मनगटाच्या हालचालीवर चालणारे यंत्रच असते. फरक त्याच्या गतीत असतो. या डेटजस्टमधील ३२३५ क्रमांकाचे यंत्र तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे काटा सेकंदाला आठ बारीक पावले टाकतो. नकलांत नेहमी आढळणारी स्वस्त चिनी यंत्रे तासाला २१,६०० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला सहा पावलांची असतात. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला तर ही पावले मोजता येतात. सहा भरली तर घड्याळ नकली असल्याबद्दल शंका उरत नाही. आठ भरली म्हणून मात्र घड्याळ खरे ठरत नाही, कारण महागड्या नकलांत आठ पावलांचे यंत्रही बसवतात. बाहेरून दिसणाऱ्या सगळ्या खुणांची हीच मर्यादा आहे आणि ती मनात पक्की ठेवावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे : खूण चुकली तर घड्याळ खोटे आहे हे कळते, पण ती बरोबर आली म्हणून ते खरे आहे हे कळत नाही.

तरीही त्या पाहाव्यात, कारण साध्या नकला तिथेच गळतात. तारखेवरचे भिंग आकडा सुमारे अडीच पट मोठा दाखवते. नकलांत तो बहुधा लहान दिसतो किंवा खिडकीत मध्यभागी बसत नाही. काचेवर सहाच्या जागी कोरलेला सूक्ष्म मुकुट नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. तो ठळक दिसत असेल तर सावध व्हावे. डेटजस्टची मागची बाजू साध्या, बंद पोलादाची असते, तिथे काच लावून आतले यंत्र दाखवले असेल तर पुढे काही तपासण्याची गरज नाही. पूर्ण चावी दिल्यावर हे घड्याळ सुमारे ७० तास चालते, पण ही तपासणी घड्याळ हातात असल्याशिवाय होत नाही.

खरा निर्णय मागचे झाकण उघडल्यावरच होतो. यंत्राच्या पट्ट्यांवरचे काम, स्क्रूंची कड, कोरीव अक्षरांची खोली आणि यंत्राचा क्रमांक या मॉडेलशी जुळतो का, हे अनुभवी कारागीर भिंगातून पाहतो आणि टायमिंग मशीनवर ठोकेही मोजतो. कवच नकली आणि डायल तेवढी खरी, अशी जोडकामेही बाजारात असल्यामुळे आतबाहेर दोन्ही पाहावे लागते. घड्याळ उघडल्यावर त्याची पाणीरोधकता पुन्हा तपासून घ्यावी लागते, ही विक्रेत्याची अडचण रास्त आहे. तो खर्च आपण सोसण्याची तयारी दाखवावी. विक्रेत्याला मुंबईतल्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात भेटायला सांगा, किंवा तो कोल्हापूरपर्यंत यायला तयार असेल तर तिथल्या आपल्या विश्वासातल्या कारागिराच्या दुकानात. खर्च आपण देत असतानाही तो झाकण उघडू देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

प्रश्न : माझे वडील आखातात नोकरीला होते. त्यांनी आणलेले राडो डायास्टार विकायचे आहे. त्या काळची पावती नाही. एक गिऱ्हाईक स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो आणि आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतो.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी त्या गिऱ्हाइकाविषयी. पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आपल्या बेळगावात आहे, घरोघरी कोणी ना कोणी सैन्यात आहे, म्हणून गणवेशातला फोटो पाहिला की आपल्या माणसांचा विश्वास लगेच बसतो. भामटे याच आदराचा फायदा घेतात, याचे मनापासून वाईट वाटते. त्याच्याशी बोलणे बंद करावे.

पावती नसली तरी घड्याळ विकता येते. राडोच्या नकला आपल्याकडे अतिशय पसरलेल्या असल्यामुळे जाणते गिऱ्हाईक शंका घेणारच, त्यात अपमान मानू नये. डायास्टार १९६२ मध्ये आले ते कठीण धातूच्या कवचामुळे गाजले. वर्षानुवर्षे वापरूनही त्यावर सहसा चरे पडत नाहीत. ऑटोमॅटिक राडोच्या डायलवरचा लहान नांगर घड्याळ हलवले की मोकळा फिरतो, स्वस्त नकलांत तो बहुधा चिकटवलेला असतो. बेळगावातील जुन्या कारागिराकडून झाकण उघडून यंत्राचे, आतल्या नंबरांचे आणि डायलचे जवळून फोटो काढून घ्यावेत. वडिलांच्या मनगटावर ते घड्याळ असलेला जुना फोटो आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्या असतील तर त्याही दाखवाव्यात. विकण्यापूर्वी चमक आणण्यासाठी डायल रंगवून घेऊ नये. त्याने किंमत पडते आणि अस्सल घड्याळावरही संशय येतो.

व्यवहार समोरासमोर करावा. कुरिअरने पाठवायचेच झाले तर संपूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेतून करावी, स्क्रीनशॉटवर विसंबू नये. पेटी बंद करेपर्यंतचा सलग व्हिडिओ ठेवावा, ज्यात नंबर आणि यंत्र दिसेल. खरे घड्याळ काढून घेऊन तशाच दिसणाऱ्या नकलेसह ‘तुमचे घड्याळ खोटे निघाले’ असे सांगणारे खरेदीदारही असतात.

प्रश्न : एचएमटी जनताचे निळ्या, झळाळत्या डायलचे घड्याळ ‘जुने पण न वापरलेले’ म्हणून ऑनलाइन मिळते. ते खरे असेल का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : आतले यंत्र बहुधा खरे असते, डायल मात्र बहुतेक वेळा अलीकडे रंगवलेली असते. बेंगळुरूत १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने ही घड्याळे बनू लागली आणि २०१६ मध्ये सरकारने हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे आज मिळणारा न वापरलेला माल मोजकाच आहे. रोजच्या वापरासाठी हवे असेल तर रंगवलेले घेण्यात काही बिघडत नाही, फक्त संग्राहकाची किंमत देऊ नये.

प्रश्न : मी खरे म्हणून घेतलेले ओमेगा नकली निघाले. समाजमाध्यमावर विक्रीचे पान चालवणारा तो व्यापारी पैसे परत करत नाही. तेच घड्याळ पुढे विकून पैसे काढावेत, असे मित्र सांगतो.
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : तसे कदापि करू नका. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम १०४ खाली खोटे व्यापारचिन्ह असलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी जवळ बाळगणे गुन्हा आहे. शिक्षा साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे. आज आपण फसवले गेलेले आहात. माहीत असून पुढे विकले तर आपणच गुन्हेगार व्हाल आणि आपल्या जागी दुसरे कोणी फसेल.

पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. त्यानंतर बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थविषयक गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. व्यापारी महाराष्ट्रातला आहे म्हणून परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणा. विकणारा व्यापारी असल्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ही लागू होतो आणि तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी मुंबई-पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. संभाषण, जाहिरातीचे फोटो, रक्कम दिल्याचा पुरावा, कुरिअरचे वेष्टन आणि कारागिराचे लेखी मत जपून ठेवा, आणि घड्याळ आहे तसेच, न उघडता, न दुरुस्त करता बाजूला ठेवा.