आर्मी ऑफिसर असताना फर्स्ट क्लास क्रिकेट खेळता येतं का? असं कोणी केलंय का?

येतं की. सर्व्हिसेसची, म्हणजे सैन्यदलांची टीम रणजी ही फर्स्ट क्लास स्पर्धा खेळते ती याचसाठी, तिन्ही दलांतली माणसं त्यात असतात. पण तुम्ही "केलंय का" विचारलंत म्हणून एकच नाव सांगतो, कर्नल हेमू अधिकारी. जन्म पुण्याचा, 1919 चा, खेळले आधी बडोद्याकडून आणि मग सर्व्हिसेसकडून.

आता गंमत बघा, फर्स्ट क्लासला सुरुवात 1936-37 ला, म्हणजे सतरा वर्षांचं पोरगं, आणि पहिली टेस्ट थेट 1947 ला ब्रिस्बेनमध्ये. मधली वर्षं महायुद्धाने खाल्ली, तेव्हा टेस्ट होतच नव्हत्या. त्यानंतरही बारा वर्षांत टेस्ट फक्त 21. आज लोक शतकं मोजतात, यांचं एकच, 1948 ला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 114, दिल्लीत. 1952 ला पाकिस्तानविरुद्ध नाबाद 81 केले तेही दिल्लीतच, त्यात गुलाम अहमदबरोबर शेवटच्या विकेटला 109 रन्स. भारताचा तो रेकॉर्ड 2004 पर्यंत टिकला, सचिन आणि झहीरने ढाक्यात मोडेपर्यंत!

आणि 1959 चा किस्सा तर भारीच आहे. वेस्ट इंडिजविरुद्ध सिरीज हातातून गेलेली, उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड असे तीन कॅप्टन होऊन गेलेले, पाचव्या टेस्टला चौथा कॅप्टन म्हणून अधिकारींना आणलं, वय 39. मैदान परत दिल्लीचं. गड्याने 63 आणि 40 केले, वर 3 विकेट काढल्या (अख्ख्या टेस्ट करिअरमधल्या विकेट तेवढ्याच), मॅच ड्रॉ झाली आणि टेस्ट क्रिकेट तिथेच संपलं.

माझ्या मते त्यांच्यातला फौजी खरा दिसला तो नंतर. 1971 ला कॅप्टन अजित वाडेकरच्या भारतीय टीमचे मॅनेजर म्हणून इंग्लंडला गेले. स्वतः कव्हरला जबरदस्त फिल्डर, शिस्तीचे कडक, त्यामुळे फिल्डिंग हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ओव्हलला एकनाथ सोलकरने वेंकटराघवनच्या बॉलवर इंग्लंडच्या अ‍ॅलन नॉटचा झेपावून घेतलेला कॅच आमच्या घरी आजही निघतो, आजोबा तर हात पुढे करून दाखवायचे. ती सिरीज आपण जिंकली. 1974 ला मॅनेजर तेच, कॅप्टन तोच, आणि लॉर्ड्सला 42 ऑल आऊट 😅




तुम्ही स्वतः जायच्या विचारात असाल तर आधी कमिशनचं, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणुकीचं बघा, बॅट सोबत असू द्या.