ब्रुनोला दुसरं घर द्या, पण सगळं खरं सांगून

ताई, तुमचं थोडक्यात असं : दिरांची बदली झाली म्हणून त्यांचा दोन वर्षांचा काळा लॅब्राडोर ब्रुनो तुमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या फ्लॅटवर आला. घरात आधीपासून नऊ वर्षांची गावठी कुत्री टिकली आणि एक मांजर. ब्रुनो आणि टिकलीची जबर भांडणं होताहेत आणि परवा सोडवताना तुमच्या मिस्टरांच्या हाताला दात लागले. सासूबाई म्हणतात, गोरेवाड्याच्या जंगलाकडे नेऊन सोडा. आणि तुम्हाला वाटतंय, कुणाला दिलं तर पाप लागेल.

आधी हाताचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि कुत्र्याला लस टोचलेली असली तरी डॉक्टरांकडे जायचं. मिस्टर अजून गेले नसतील तर बाकीचं नंतर वाचा. पुन्हा जुंपली तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी ओता नाहीतर जाड चादर टाका. त्या झटापटीत कुत्र्याला कुणाचा हात आहे ते कळत नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात की भांडणं बहुतेक दुपारी कूलरसमोर होतात. मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलरपुढच्या चार फरशा म्हणजे जेवणाच्या भांड्यापेक्षा मोठी जहागीर. ती टिकलीची होती. आता तीस किलोचा पोट्टा येऊन तिला ढकलतो आणि ती गुरगुरते. त्यात नऊ वर्षांच्या कुत्रीचे सांधे, दात किंवा कान दुखत असतील तर तिला कुणाचा धक्काही सहन होत नाही. म्हणून दोघांनाही तपासून घ्या. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहेच.

तोवर आळीपाळीनं राहू द्या. एक हॉलमध्ये, दुसरा बेडरूममध्ये, दार बंद. ओळख घराबाहेर नव्यानं करून बघा. बेसा रोडकडच्या एखाद्या लेआउटमध्ये मोकळे प्लॉट असतात, तिथं पहाटेच न्या. डांबर तापल्यावर पंजे भाजतात. दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये भरपूर अंतर, आणि दोघांना एकाच दिशेनं चालवायचं, तोंडासमोर तोंड आणायचं नाही. अंग सैल राहिलं, जमीन हुंगत चालले, तर रोज थोडं जवळ. दोनतीन आठवड्यांनीही दिसताक्षणी अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली असेल तर ओढाताण करू नका. मांजराच्या बाबतीत मी एवढीही वाट बघत नाही. मांजरावर भुंकणाऱ्या कुत्र्याची मला फार भीती वाटत नाही. जो मुका होऊन टक लावतो आणि हाक मारली तरी मान वळवत नाही, त्याला त्या घरात ठेवू नये.

गोरेवाड्याचं मनातून काढाच. सासूबाईंना सांगा, तिकडं जंगलात बिबटे आहेत, आणि वस्तीतली कुत्री परक्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. आयतं खाल्लेला लॅब्राडोर दोन दिवसांत भुकेनं रस्त्यावर येईल. शिवाय पाळीव जनावर असं उपाशी मरायला टाकणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. चांगल्या घरी देण्यात मात्र कसलंही पाप नाही. टिकलीनं म्हातारपण पलंगाखाली काढायचं, हे कुणाच्या भल्याचं?

सगळ्यात आधी दिरांनाच विचारा. कुत्रा त्यांचा आहे, नव्या गावी घर लागलं असेल तर तेही नेतील. नाही म्हणाले तर जाहिरात. पण त्याआधी ब्रुनोची नसबंदी करून घ्या. भांडण त्यानं थांबेलच असं नाही. पण 'लॅब्राडोर, नर, फुकट' असं दिसलं की पिल्लांचा धंदा करणाऱ्यांचे फोन सुरू होतात.

बहुतेक लोक इथंच घसरतात. 'खूप प्रेमळ, सगळ्यांशी जमतं' लिहितात आणि कुत्रा पंधरा दिवसांत परत येतो, तोवर तिथल्या मांजराचा जीव जातो. फोनवर पहिला प्रश्न तुम्ही विचारा : घरात दुसरं जनावर आहे का? भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का? मग घर स्वतः जाऊन बघा, फाटकाच्या फटीसुद्धा. सत्तरीच्या जोडप्याला देऊ नका, कितीही गोड असले तरी. हा एका हिसक्यात माणूस पाडेल. लसीचं कार्ड, रोजचं खाणं आणि त्याची न धुतलेली चादर सोबत द्या. जमलं नाही तर परत तुमच्याकडेच आणायचं, हे कागदावर लिहून घ्या. सुरुवातीचे दिवस पट्ट्याशिवाय बाहेर काढू नका म्हणावं, कारण कुत्री तेव्हाच पळतात. दिवाळीच्या फटाक्यांत तर देऊच नका.

मजकूर असा टाका : 'ब्रुनो, लॅब्राडोर, नर, दोन वर्षं. नसबंदी व लसीकरण झालेलं. माणसांत रमतो. घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर चालणार नाही. आमच्या कुत्रीशी भांडणं झाली, सोडवताना एकदा माणसाला दात लागले. एकटाच कुत्रा हवा असलेल्या घरी द्यायचा आहे.' फोन कमी येतील, येऊ द्या. फोटो मात्र सकाळच्या उजेडात काढा. काळा लॅब ट्यूबलाइटखाली नुसता डाग दिसतो, डोळेच कळत नाहीत.