मुलीने टीम लीडर व्हावं की नोकरी सोडावी?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्थायिक आहोत. मुलगी 24 वर्षांची, मानसशास्त्राची पदवीधर. दोन वर्षं वृद्धांच्या केअर होममध्ये आहे. आता तिला टीम लीडर हो म्हणताहेत, हाताखाली सहा जण. मागच्या महिन्यात तिथल्या एक आजी वारल्या, तर ही घरी येऊन दोन दिवस रडत होती. मी म्हटलं, सोड ही नोकरी, एमबीए कर. सुपरव्हिजन करायला कडक माणूस लागतो, हिला कसं जमणार? पगारही बेताचाच. – एक वडील

उत्तर : एमबीएचं नंतर पाहू. त्या दोन दिवसांत तिच्याशी कोण बोललं? जिला रोज हाताने भरवलं ती आजी गेल्यावर रडू आलं, यात तिचं काय चुकलं? मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कामावर तिला कुणी जवळ बसवून घेतलं नाही, आणि घरी आली तर तुम्ही नोकरी सोडायला सांगितलंत. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी इथे गाळलं आहे, 'लोकांची घाण काढते' हे. ते तिच्यासमोर पुन्हा बोलू नका. तिला ते लागत असणार.

आता 'कडक माणूस'. सुपरव्हिजन म्हणजे नजर ठेवणं, असं तुम्ही धरून चालला आहात. केअरच्या कामात सुपरव्हिजन म्हणजे ठरावीक काळाने होणारी दोघांची बैठक. काय जमतंय, कुठे अडतंय, कोणापाशी जायची भीती वाटते, पुढे काय शिकायचंय, हे कर्मचाऱ्याने मोकळेपणी बोलायचं. लीडरने ऐकायचं, मार्ग काढायचा, ठरलेलं लिहून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला तिथूनच सुरुवात करायची. ही कुणाची मेहेरबानी नाही. इंग्लंडच्या केअर सेवांसाठीच्या 2014 च्या नियमांतल्या कलम 18 नुसार कर्मचाऱ्यांना आधार, प्रशिक्षण आणि सुपरव्हिजन द्यावंच लागतं, आणि केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे अशा सेवांवर देखरेख करणारी संस्था, ते तपासते.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. नवा मुलगा स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना भरवतोय. आजोबा तोंड फिरवतात, तो घाईघाईने पुढचा घास तोंडाशी नेतो. कडक लीडर दारातूनच ओरडेल. चांगली लीडर खुर्ची ओढून आजोबांसमोर बसेल, चमचा त्यांच्याच हातात देईल, त्यावर आपला हात ठेवेल आणि थांबेल. मग बाहेर आल्यावर त्या मुलाला विचारेल, 'तुला काय दिसलं?' तुमची हळवी मुलगी हे करू शकेल असं मला वाटतं. नव्या माणसांसाठी 2015 पासून केअर सर्टिफिकेट, म्हणजे सुरुवातीचं मूलभूत प्रशिक्षण, आहे, पण नुसते व्हिडिओ पाहून ते पुरं होत नाही. प्रत्यक्ष काम करताना कुणीतरी शेजारी उभं राहून पाहावं लागतं. ते पाहणारं माणूस चांगलं असेल तर नवी मुलं टिकतात.

पुढची वाट सरळ आहे : केअरमधला लेव्हल 3 चा डिप्लोमा, मग त्यावरचा लेव्हल 5 चा नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा, मग रजिस्टर्ड मॅनेजर, म्हणजे केअर होमचा अधिकृत नोंदणी झालेला प्रमुख. पदवी असल्याने सोशल वर्कचं पदव्युत्तर शिक्षणही घेता येईल. पगाराची तुमची तक्रार मात्र खरी आहे. जबाबदारी वाढणार असेल तर किती वाढ मिळणार, हे तिने लेखी मागावं.

पण लगेच होकार देऊ नये. आधी मॅनेजरला विचारावं : मला स्वतःला सुपरव्हिजन कोण देणार, किती दिवसांनी? सहा जणांबरोबर बसायचा वेळ रोटामध्ये (ड्युटीच्या वेळापत्रकात) धरलाय, की शिफ्ट संपल्यावर स्वतःच्या वेळात बसायचं? आणि ती आजी गेली तेव्हा माझ्याशी कुणी का बोललं नाही? हा शेवटचा प्रश्न विचारायला तिला जड जाईल, तरी विचारावाच. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं केअर होम शोधावं. या कामावर तिचा जीव आहे, ते सोडायला लावू नका.

एमबीएबद्दल तिचं स्वतःचं मत तुमच्या पत्रात कुठेच नाही. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.