स्क्रीन काळी पडली? आधी टॉर्च घ्या

प्रश्न : माझा १५.६ इंची लॅपटॉप पाच वर्षांचा आहे. गेले काही दिवस झाकण उघडताना स्क्रीन मध्येच काळी पडायची आणि पुन्हा उजळायची. परवापासून ती काळीच आहे. पंखा फिरतो, चार्जिंगचा दिवाही लागतो. दुकानात न उघडताच "मदरबोर्ड गेला" म्हणाले. मुलीचा सगळा प्रोजेक्ट त्यातच आहे. काय करावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : लॅपटॉप उघडून न बघता मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याच्या हाती तो देऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं मदरबोर्डापेक्षा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डापेक्षा, स्क्रीनला जोडणाऱ्या केबलकडे जास्त बोट दाखवतात.

लॅपटॉप चालू करून दोन मिनिटं थांबा आणि कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतला संगणक जागा आहे. मग खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनजवळ तिरका धरा आणि नीट बघा. आयकॉन किंवा अक्षरं पुसट दिसली, तर चित्र येतंय, फक्त त्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, बंद आहे. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं की बिघाड स्क्रीन किंवा तिच्या केबलपुरता आहे असं बहुतेक वेळा धरून चाला. आणि त्याच बैठकीत, बाकी काही करण्याआधी, प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

आता झाकण अगदी सावकाश उघडा. ठरावीक कोनात क्षणभर जरी उजेड आला तरी केबलच समजा. ही केबल बिजागरीच्या पोटातून जाते आणि तिच्यातल्या तारा केसासारख्या बारीक असतात. बिजागरी घट्ट झाली किंवा तिचा स्क्रू निसटला की केबल तिथेच रोज चिमटते. आधी वरचं आवरण सोलतं, मग एकेक तार तुटते. "मध्येच काळी पडायची आणि पुन्हा उजळायची" असं तुम्ही लिहिलंय, त्याचा अर्थ बहुधा हाच. केबल बदलताना बिजागरीही दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवी केबलही तशीच तुटेल.

केबल बदलणाऱ्याला एक गोष्ट आग्रहाने सांगा : चार्जर काढायचा, मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सोडवायचा, आणि मगच स्क्रीनच्या केबलला हात लावायचा. बॅकलाइटचा वीजपुरवठा स्क्रीनच्या केबलच्याच कनेक्टरमधून जातो. बॅटरी जोडलेली असताना तो किंचित तिरका बसला तरी बोर्डावरचा बारीकसा फ्यूज उडू शकतो. मग केबल नवी आणि स्क्रीन तरीही काळी. एवढ्यावर बोर्ड बदलायची गरज नसते. आधी शॉर्ट शोधून काढला की फ्यूज बदलता येतो, पण ते चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलण्याचं, काम करणाऱ्याकडेच द्या.

पॅनेलच, म्हणजे चित्र दाखवणारा स्क्रीनचा भागच, बदलायचं ठरलं तर पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या बाजारात लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेल बसवलेली असतात. जुन्या पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो न्या. कनेक्टर ३० पिनचा आहे की ४० चा, रिझोल्यूशन १३६६ × ७६८ की १९२० × १०८०, कडेला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, हे तिन्ही जुळलं पाहिजे. पैसे देण्याआधी पॅनेल पेटवून पांढरी आणि काळी स्क्रीन बघा.

टीव्हीवरही काहीच आलं नाही तर काय? कॅप्स लॉकचा दिवा लागत-विझत असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाहीतर लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि निघत असेल तर बॅटरी काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. तरीही नाही, तर रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिची सोनेरी टोकं मऊ खोडरबराने पुसा, तिरकी घालून दोन्ही बाजूंच्या क्लिप टक् होईपर्यंत दाबा. पावसाळी दमटपणात या टोकांवर थर बसू शकतो. हे सगळं करून झाल्यावर बोर्डाचा संशय घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : लॅपटॉप नवा आहे. घरी एका टेबलावर ठेवला की स्क्रीन जाते, उचलला की येते. असं का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : टेबलावर चुंबक शोधा. मोबाईलचं चुंबकी कव्हर, टॅबलेटचं फ्लॅप, खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप, काहीही असू शकतं. बऱ्याच लॅपटॉपच्या झाकणात छोटं चुंबक असतं आणि कीबोर्डच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. बाहेरचं चुंबक जवळ आलं की झाकण मिटलं असं समजून तो स्क्रीन बंद करतो. हाताच्या चुंबकी ब्रेसलेटनेही हे होतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये "झाकण मिटल्यावर काहीच करू नये" असा पर्याय असतो, पण तो शक्यतो घेऊ नका : बॅगेत ठेवलेला लॅपटॉप चालूच राहील आणि तापेल. चुंबक हलवणं हाच उपाय.