पीएफवर नॉमिनी सासूबाई, आणि लग्न नंतरचं

ताई, तुमच्या मेलमध्ये कॉलेजचं राजकारण, दिरांची बोलणी, एचआरमधल्या मुलीचा उर्मटपणा सगळं आलंय, पण ज्यावर सगळं ठरतं त्या दोन तारखा तुम्ही शेवटी ता.क. म्हणून टाकल्यात. मिस्टर 2012 साली पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले, तेव्हा पीएफच्या फॉर्म 2 वर नॉमिनी म्हणून आईचं नाव लिहिलं. तुमचं लग्न 2016 चं. जून 2025 मध्ये ते नोकरीत असतानाच गेले आणि एचआर म्हणतं नॉमिनी आई आहे, तुम्हाला काही पाहिजे असेल तर शिवाजीनगर कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसा प्रमाणपत्र, आणा. फक्त कॉलेज बदलतं, बाकी हीच गोष्ट घेऊन बायका माझ्याकडे येत असतात.

पीएफ स्कीम 1952 चा पॅरा 61 काढा, त्यातला पोटपॅरा 3. लग्न झालं की सभासदाने नवीन नॉमिनेशन करायचं आणि लग्नाआधी केलेलं रद्द समजायचं, असं तिथे सरळ लिहिलंय. त्यासाठी कुणी अर्ज करावा लागत नाही की कोर्टात जावं लागत नाही. अक्षता पडल्या त्या दिवशी 2012 चा तो फॉर्म संपला. आठ महिने तुम्ही वकिलाची फी किती, कोर्ट फी किती याची चौकशी करत बसलात आणि हा एक पॅरा कुणी उघडून बघितला नाही.

आता एकच गोष्ट हे सगळं उलटं करू शकते. मिस्टरांनी लग्नानंतर कधी ऑनलाइन ई-नॉमिनेशन केलं होतं का? केलं असेल आणि त्यातही फक्त आईचंच नाव असेल, आणि आई त्यांच्यावर अवलंबून असतील, तर ते नॉमिनेशन चालतं, कारण अवलंबून असलेले आईवडील पीएफच्या व्याख्येप्रमाणे कुटुंबातच येतात. हे आधी पीएफ ऑफिसकडून लेखी काढून घ्या. तुम्ही म्हणता केलं नसावं. नसावं म्हणून चालत नाही.

केलं नसेल तर पॅरा 70 लागतो, म्हणजे कुटुंबात समान वाटणी. तुम्ही, सहा वर्षांचा मुलगा आणि अवलंबून असतील तर सासूबाई, तिघांना एक तृतीयांश. आणि गंमत अशी की हिंदू वारसा कायद्यानेही बायको, मुलगा, आई हेच तीन सारखे हिस्से पडतात. म्हणजे सासूबाईंना सगळं मिळत नाही आणि त्यांना काहीच मिळू नये हा तुमचा हट्टही टिकणं अवघड आहे, मग कोर्टात जाऊन भांडायचं तरी कशासाठी? सक्सेशन सर्टिफिकेटला कुणी विरोध केला की ते प्रकरण किती लांबतं हे शिवाजीनगरच्या आवारात अर्धा तास उभं राहून कुणालाही विचारा. त्या तयार असतील तर दोघींनी मिळूनच क्लेम टाका, यासारखं काही नाही.

लग्न गावाकडे झालं, रजिस्टर केलं नाही. छान. आता एकजण हयात नसताना ते करायला जाल तर वॉर्ड ऑफिसात नुसते हेलपाटे होतील. त्यापेक्षा लग्नाचा पुरावा म्हणून कॉलेजच्याच ग्रुप मेडिक्लेमचा फॉर्म शोधा. त्यात मिस्टरांनी स्वतःच्या सहीने तुमचं नाव, नातं, जन्मतारीख लिहिलेली असते आणि खाली रजिस्ट्रारचा शिक्का. म्हणजे एका फायलीत कॉलेज तुम्हाला बायको मानतं आणि दुसऱ्या फायलीत ओळखत नाही. त्याची सर्टिफाइड कॉपी, मुलाचा जन्मदाखला, रेशनकार्ड, पासपोर्ट असेल तर तो, हे सगळं लावा.

तेराव्याच्या दिवशी पाचशेच्या स्टँपवर 'सासूबाईंना रक्कम देण्यास हरकत नाही' असं लिहून सही दिलीत, याला काय म्हणावं मला कळत नाही. मुलाच्या हिश्श्यापुरता तो कागद चालणार नाही, तो हक्क असा सोडून द्यायला तुम्ही मालक नाही. तुमच्या स्वतःच्या हिश्श्याबद्दल मूळ कागद बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. पण ती ना-हरकत मागे घेत असल्याचं पत्र याच आठवड्यात पीएफ ऑफिस आणि कॉलेज दोघांना गेलं पाहिजे, सोबत पॅरा 61 चा उल्लेख करून हरकत. पैसे एकदा सासूबाईंच्या खात्यात पडले की मग दिवाणी दावा, आणि त्याबद्दल वर बोललोच आहे.

पेन्शन वेगळी आहे आणि तिच्यात हे वाद नाहीत. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दरमहा 1,250 जमा होताना दिसत असतील तर विधवा पेन्शन तुम्हाला आणि तिच्या 25 टक्के मुलाला, वयाच्या 25 पर्यंत. फॉर्म 10-डी भरा. रक्कम फार नसेल, पगाराची मर्यादा 15,000 धरतात. शिवाय ईडीएलआय, हा पीएफसोबतचा विमा कॉलेजने तुम्हाला सांगितलेला दिसतच नाही, तो नोकरीत असताना मृत्यू झाला की मिळतो आणि कमाल 7 लाख असतो. कॉलेजने त्याऐवजी वेगळी ग्रुप पॉलिसी घेतली असेल तर तिचा नंबर लेखी मागा.

ग्रॅच्युइटीचं मात्र इतकं सरळ नाही. 'शिक्षकांना लागू नाही' हे एचआरचं म्हणणं सोडून द्या, 2009 च्या दुरुस्तीने शिक्षक 3 एप्रिल 1997 पासून आत आले आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. बेसिक अधिक डीए 78,000 धरलं तर वर्षाला 45,000, तेरा वर्षांचे 5,85,000. अडचण अशी की ग्रॅच्युइटीच्या फॉर्म एफ वर, म्हणजे तिथल्या नॉमिनेशनच्या फॉर्मवर, त्यांनी अवलंबून असलेली आई म्हणून नाव लिहिलं असेल तर लग्नामुळे ते आपोआप पडतं असं मी ठामपणे म्हणणार नाही. तरी 2009 च्या शिप्रा सेनगुप्ता निकालात, तिथे नवरा बँकेत होता, पण लग्नाआधीची नॉमिनी आईच, सुप्रीम कोर्टाने नॉमिनीला मालक मानलं नाही, वारसांचा हक्क राखला. तो तुमच्या बाजूचा आहे. फॉर्म एफ भरलाच नव्हता असंही निघू शकतं, खासगी कॉलेजांत नवल नाही.

वारसांनी ग्रॅच्युइटीचा अर्ज फॉर्म के मध्ये साधारण वर्षाच्या आत द्यायचा असतो. मृत्यू जून 2025 चा, म्हणजे हाताशी फार दिवस नाहीत. तो अर्ज एचआरला मेल करून थांबू नका, रजिस्ट्रारच्या आवक टेबलवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का मारून घ्या.